मेन रोडवर दिवाळीला चिंदोनयासारखं फिरतं जाहिरात पथक: वाद्यं, माणसं, परवानगी

भांडीबाजार_नाशिक

नमस्कार मंडळी. मेन रोड, सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या काही दुकानदारांनी मिळून दिवाळीच्या आधी फिरती जाहिरात करायचं ठरवलंय. रिक्षावर कर्णा लावून रेकॉर्ड वाजवणं नको, असं सगळ्यांचं मत पडलं. गर्दीत तो आवाज कुणी ऐकतच नाही. चर्चेत जपानमधल्या चिंदोनयाचा विषय निघाला: वेषभूषा केलेले तीन-चार वादक गल्लीबोळातून फिरतात, वाजवतात, मधेच थांबून दुकानाची माहिती सांगतात आणि कागद वाटतात. तसंच काहीतरी आपल्या वाद्यांवर, आपल्या वेषात करायचं आहे.

जाणकारांनी सांगावं. त्यांच्यातला एकजण तीन वाद्यं लावलेली चौकट छातीवर अडकवून वाजवतो, तशी चौकट इथल्या इथे बनवता येईल का, कोणती वाद्यं घालावीत, वजन किती असावं? माणसं किती आणि कुणी काय करायचं? चाली कोणत्या? आणि पोलीस, महापालिका यांचं काय? आमच्यातले काही जण म्हणतात की नाशिकमध्ये ढोल-ताशा हाताशी असताना हा उपद्व्याप कशाला. त्यावरही मोकळेपणाने लिहा.

कासं_आणि_कातडं

चौकटीपासून सुरू करतो, कारण सगळं पथक तिच्या तालावर चालतं. जपानी चौकटीत वरच्या अंगाला 'काने' म्हणजे थाळीसारखी लहान धातूची घंटा आणि दोऱ्यांनी आवळलेला छोटा ताईको, म्हणजे जपानी ढोल, असतो, खाली मोठ्या तोंडाचा उथळ ढोल. एकच माणूस चालता चालता तिन्ही वाजवतो. धातूची 'चिन्' आणि ढोलाची 'दोन्' ती हीच. बहुतेक वेळा हाच माणूस पथकाचा म्होरक्या, तिकडे त्याला 'ओयाकाता' म्हणतात.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं त्रिकूट म्हणजे काशाची थाळी, दिमडी आणि डफ. तिन्ही उथळ आणि हलकी आहेत आणि आवाजाची पट्टी वेगवेगळी असल्याने एकमेकांना खात नाहीत. ताशा चौकटीत अजिबात घालू नका. तो इतका तीक्ष्ण बोलतो की पथकात शेजारी वाजणाऱ्या क्लॅरनेटचा सूर ऐकूच येत नाही. हलगी चालेल, पण तिला कडक काठी लागते आणि वाजवणाऱ्याला हात आवरता आला पाहिजे.

मापं अशी धरा. चौकटीची रुंदी ४५ सेंमी, उंची ५५ सेंमी, सागाच्या २५ × १२ मिमी पट्ट्या. कोपऱ्यात प्लायवूडचे त्रिकोणी तुकडे लावून नट-बोल्ट मारा. नुसता खिळा किंवा फेव्हिकॉल तासाभराच्या चालण्यात ढिला होतो आणि मग चौकट तिरपी होते. खाली १४ इंची डफ, वाजवणाऱ्याकडे थोडा झुकवलेला. वर डावीकडे ७-८ इंची दिमडी, उजवीकडे थाळी. डावखुऱ्यासाठी उलट. एकूण वजन ५ किलोच्या आत ठेवा. त्याहून जड झालं की दुसऱ्या तासाला माणूस पुढे वाकतो, खांदा उतरतो आणि ताल घसरायला लागतो.

पट्टा मानेत घालू नका. पाठीवर फुलीसारखा जाणारा दोन इंची निवार पट्टा, खाली कमरेला रुंद पट्टा, त्यावर दोन आकडे. चौकट पोटापासून ८-१० सेंमी पुढे राहील असे दोन ठोकळे मागे लावा, नाहीतर पायरी चढताना गुडघा डफाला लागतो.

थाळी निवडताना भांडी बाजारातच काठाला धरून टिचकी मारून पाहा. नाद लांबला पाहिजे. काठ वळवलेली ६-७ इंची थाळी चांगली. काशाच्या थाळीला घरी ड्रिल मारू नका. कासं ठिसूळ असतं, भोकापासून चीर जाते आणि नाद कायमचा बसतो. भोकं हवीच असतील तर तांबटाकडून काठाजवळ पाडून घ्या, किंवा पितळी थाळी घ्या. नाद कमी मिळेल, पण ती फुटणार नाही. थाळी सुती दोरीवर दोन ठिकाणी टांगा, तारेने आवळू नका, आणि चौकटीपासून अर्धा-पाऊण सेंमी मोकळी राहू द्या. लाकडाला टेकली की 'टण्ण' ऐवजी 'थड' येतं. पहिल्या दिवशीची सत्तर टक्के कुरकुर याच एका गोष्टीची असते.

कातड्याचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या सकाळी दमट हवेत दिमडीचा सूर उतरतो. निघण्याआधी उन्हात किंवा निखाऱ्यापासून वीतभर लांब धरून हलका शेक द्या. कडेला जास्त शेक लागला की कातडं तिथेच फाटतं. कातड्याऐवजी कृत्रिम पान लावलेली दिमडी उतरत नाही, पण आवाज चिरका येतो. पानाच्या मागे कडेने बोटभर कापडाची पट्टी चिकटवली की तो आवरतो. डफाचा काठ आणि चौकट यांच्यामध्ये लोकरी कापड, बोल्टखाली रबरी वॉशर. हे नसेल तर प्रत्येक ठोक्याला सगळी चौकट किणकिणते.

वाजवताना तिन्हीवर सारखा जोर टाकू नका. डफ समेला, दिमडी मधल्या मात्रा भरायला, थाळी हलक्या हाताने, आणि क्लॅरनेट श्वास घेईल तिथे थाळी थोडी वर आणायची. एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

पथक_सातपूर

ढोल-ताशाच्या बाजूने लिहितो, कारण तो आमचा जीव आहे. नाशिक ढोल ऐकला की माणूस घराबाहेर येतो. वीस ढोल, पाच ताशे, ध्वज, एवढं मेन रोडवर आणलं की जाहिरात झालीच. वेगळी वाद्यं शोधायची गरज काय, ते खरंच समजून घ्यायचं आहे.

क्लॅरनेट_गोदाकाठ

दादा, तुमच्या ढोलाबद्दल दुमत नाही. मिरवणुकीत त्याला तोड नाही. पण मिरवणुकीत लोकांनी आवाजात सामील व्हायचं असतं. इथे लोकांनी एक वाक्य ऐकून घरी न्यायचं आहे: कोणतं दुकान, कुठे, कधीपर्यंत. वीस ढोलांत ते वाक्य बोलणाऱ्याला स्वतःलाही ऐकू येत नाही. शिवाय ढोल पथक रस्ता अडवतं. दुकानासमोर पथक उभं राहिलं की गिऱ्हाईक आत जाऊ शकत नाही आणि ज्याने पैसे दिले तोच दुकानदार वैतागतो.

चिंदोनया मुद्दाम लहान असतो. तीन ते पाच माणसं, चालत, हळू. आवाज वरच्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत जावा, पण खालच्या माणसाला शेजारच्याशी बोलता यावं, इतकाच. गल्लीचं रुंद तोंड, बोळ, दोन्हीकडच्या भिंती पाहून वाजवणं कमी-जास्त करतात. सराफ बाजारातल्या अरुंद भागात दोन भिंतींमध्ये क्लॅरनेट एवढं घुमतं की निम्म्या फुंकीने वाजवावं लागतं. रविवार कारंज्याच्या मोकळ्या चौकात तोच सूर विरून जातो, तिथे म्होरक्याने थाळी वर काढायची.

माणसं अशी:

चौकटवाला एक. मोठ्या ढोलाचा एक. जपानमध्ये त्याला 'गोरोसु' म्हणतात, बँडमधल्या बासड्रमसारखा. सूर वाजवणारा एक, तिकडे 'गाकुशी': क्लॅरनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा अ‍ॅकॉर्डियन. चौथा माणूस झेंडा-फलक धरून पुढे चालतो आणि कागद वाटतो. तुमच्यासाठी चार पुरे. पाचवा हवाच असेल तर तो वाजवणारा नको, बोलणारा हवा.

सूर कोण वाजवणार, तर नाशिकच्या बँड पार्ट्यांतले क्लॅरनेटवाले. दिवाळी चातुर्मासात येते, लग्नं नसतात आणि नवरात्र संपलेलं असतं. म्हणजे नेमके तेच दिवस ते मोकळे असतात. तुळशीच्या लग्नानंतर शोधायला गेलात तर कुणी मिळणार नाही. आत्ताच बोलणी करा आणि दिवसाचे पैसे तासांवर नाही, फेऱ्यांवर ठरवा.

सूर वाजवणाऱ्याचा इतिहासही इथे उपयोगी आहे. मूकपटांच्या काळात जपानी थिएटरांत वादक बसत. १९३० च्या आसपास बोलपट आले आणि त्यांचं काम गेलं. त्यांतले बरेच जण रस्त्यावरच्या या पथकांत आले. म्हणून चिंदोनयाचं क्लॅरनेट शाळेच्या बँडसारखं सरळ वाजत नाही. ते गाणं म्हटल्यासारखं वाजतं, हेलकावे घेत, थोडं तालाच्या मागेपुढे. आपल्या बँडवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. लग्नात नाट्यगीत वाजवणारा जुना माणूस मिळाला तर तोच घ्या.

चाली ओळखीच्या घ्या, पण मुखडा ऐकताच लोकांनी नाचायला लागावं अशा नको. एक गंमत: तिकडच्या पथकांची सगळ्यात ओळखीची चाल १९०२ ची एक वॉल्ट्झ आहे, 'उत्सुकुशिकी तेन्नेन'. तीन मात्रांची. तीन मात्रांवर चालताना प्रत्येक आवर्तनाला सम वेगळ्या पायावर येते, त्यामुळे चाल आपोआप मंद आणि डोलणारी होते. कवायतीसारखी चाल येतच नाही. तुम्ही दादऱ्यातली चाल घ्या, सहा मात्रा तीन-तीनच्या दोन भागांत, तोच परिणाम. दोन दादरे, एक केरवा, एक सुरुवातीची आणि एक निरोपाची ठरलेली चाल. पाच चाली तीन तासांना पुरतात, कारण ऐकणारा माणूस दर चौकात बदलतो.

उन्हात लाकडी क्लॅरनेट नेऊ नका. अंग तापलं की सूर चढतो आणि जुन्या लाकडाला चीर जाते. प्लास्टिकचं घ्या. रीड, म्हणजे तोंडाशी लावायच्या पातळ पट्ट्या, दोन-तीन ओल्या डबीत ठेवा. कोरड्या हवेत पंधरा मिनिटं थांबलात की रीड वाळते आणि पहिलाच सूर चिरकतो. ४५ मिनिटं चाल, १५ मिनिटं बसणं, असे तीन फेरे. त्याहून जास्त ताणलं तर क्लॅरनेटवाल्याचे ओठ सुटतात.

पथक_सातपूर

पटलं. मग ढोलाची जागा गोरोसुची. एकच ढोल, एकाच बाजूने, टिपरूऐवजी कापसाचा गोळा बांधलेल्या काठीने. दुसऱ्या तोंडावर आतून पातळ चादर टेकवली की घुमारा कमी होतो आणि ठोका गोल येतो. पट्टा थोडा लांब ठेवा, ढोल मांडीच्या वर आला तर हात लवकर भरतो. आणि ढोलवाल्याला आधीच सांगून ठेवा: म्होरक्याच्या पुढे जायचं नाही. पथकातल्या मुलांना लय वाढवत न्यायची सवय असते. इथे दहा मिनिटांत लय वाढली की सगळे झपाझप चालायला लागतील आणि कागद वाटणारा मागे राहील.

दवंडी

बोलण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही आणि खरं काम तिथेच आहे. या धंद्याची सुरुवातच मुळी आवाजाने झाली. ओसाकात १८४५ च्या सुमारास आमेकात्सू नावाच्या गोळ्या-मिठाई विकणाऱ्याने आपल्या खणखणीत गळ्यावर एका करमणुकीच्या थिएटरची जाहिरात केली, तिथपासून हे धरतात. त्याच्यानंतरचे लोक 'तोझाई, तोझाई' म्हणून पुकारा करत, म्हणून त्यांना 'तोझाइया' म्हणत. बँड, ढोल, चौकट हे सगळं नंतर जमत गेलं. ठरलेल्या ढंगातल्या त्या निवेदनाला 'कोजो' म्हणतात.

आपल्याकडे दवंडी आहेच. 'ऐका हो ऐका' म्हटलं की नाशिकमध्ये लहान पोरसुद्धा वळून बघतं. पण मजकूर वीस सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. चालत्या माणसाची तेवढीच सवड असते. क्रम असा: पुकारा, काय, कुठे, कधीपर्यंत, आणि 'कुठे' पुन्हा. भाव सांगू नका. भाव ऐकले की लोक तिथेच घासाघीस सुरू करतात. भाव कागदावर छापा.

नमुना देतो:

'ऐका हो ऐका! दिवाळीच्या फराळाला नवा झारा, नवी कढई, नवा डबा! भांडी बाजारात, गल्लीत शिरताच उजव्या हाताला तिसरं दुकान, दारात पिवळं तोरण! वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, रात्री नऊपर्यंत उघडं! पिवळं तोरण, तिसरं दुकान, भांडी बाजार!'

यात दुकानाचं नाव नाही, हे मुद्दाम. नाव फलकावर वाचतील. कानाला खूण द्यायची. पत्ता सांगताना नाशिककर क्रमांक कधीच सांगत नाही, खूण सांगतो, तीच पद्धत ठेवा. आणि तोरण खरोखर लावा.

बोलायच्या आधी म्होरक्याने थाळीवर तीन सुटे ठोके द्यावेत आणि सगळ्यांनी एकदम थांबावं. शांततेनेच माना वळतात. ढोल हळू वाजत राहू द्या असं कुणी सुचवेल, ऐकू नका. मराठीतले 'स', 'श', 'च' गर्दीत आधीच बुडतात, त्यात ढोल घातला की 'वसुबारस'चं काय होईल ते बोलून बघा.

एका फेरीत दुकानं तीनच घ्या. पाच दुकानांची नावं एकदम सांगितली की एकही लक्षात राहत नाही आणि पाचही दुकानदार नाराज होतात.

नियम_नाशिकरोड

परवानगीचं नीट करा, नाहीतर पहिल्याच चौकात वाद्यं खाली ठेवावी लागतील. जपानमध्येसुद्धा रस्ता वापरण्याची परवानगी पोलीस ठाण्यातून घेऊनच ही पथकं निघतात.

आपल्याकडे रस्त्यावर वाद्य वाजवणं आणि मिरवणूक काढणं महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांत येतं. त्याशिवाय सणांच्या दिवसांत आयुक्तालयाकडून कलम ३७ चे मनाई आदेश निघत असतात. तुमच्या तारखांना तो लागू आहे का ते ठाण्यात विचारून घ्या. चारच माणसं असली तरी वेषभूषा आणि वाद्यं असल्यावर 'मिरवणूक नाही' हे तोंडी सांगून भागत नाही, हातात कागद हवा. मार्ग ज्या ज्या ठाण्यांच्या हद्दीतून जातो त्या सगळ्यांना अर्ज करा आणि वाहतूक शाखेला प्रत द्या. अर्जात मार्ग, वेळ, माणसं, वाद्यांची यादी, जबाबदार व्यक्तीचा फोन लिहा. 'ध्वनिक्षेपक वापरणार नाही' हे वाक्य स्वतंत्र ओळीत लिहा आणि पाळा. हातातला मेगाफोन घेतला की ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा वेगळा विषय उभा राहतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे दिवसा व्यापारी भागात ६५ डेसिबल, निवासी भागात ५५, शांतता क्षेत्रात ५०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात वाद्य बंद ठेवून चालायचं. म्हणजे जुन्या सीबीएस बसस्थानकासमोर जिल्हा न्यायालय आणि त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय, हे दोन्ही मार्गातून वगळाच. मेन रोडच्या आतल्या भागातही लहान दवाखाने आणि शाळा आहेत. आधी एकदा वाद्यांशिवाय चालत जाऊन नकाशावर खुणा करा.

फलक आणि कागदांच्या जाहिरातीसाठी महापालिकेकडे आधी विचारा. भिंतीला, खांबाला काहीही चिकटवू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे आणि गुन्हा दाखल होतो. वाटलेले कागद रस्त्यावर पडतात, म्हणून शेवटच्या माणसाकडे पिशवी असू द्या. परत त्याच रस्त्याने येताना पडलेले कागद उचलायचे. कागद सगळ्यांच्या हातात कोंबू नका, जो बघतोय त्यालाच द्या. कमी छापावे लागतात आणि कमी पडतात.

वेळ साडेचार ते साडेसात. धनत्रयोदशीला सराफ बाजारात आत शिरूच नका. त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, चौकट कुणाच्या तरी तोंडाला लागेल. त्या दिवशी बाहेरच्या बाजूला उभं राहून फक्त पुकारा करा.

भांडीबाजार_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. चौकटीची मापं सुताराकडे दिली आहेत. आता वेषाचं सांगा. जपानी पथकात चेहरे पांढरे रंगवतात, केसांचे टोप घालतात. आपण वासुदेवाचा वेष घ्यावा असं एकजण म्हणाला.

रंगभूषा_पंचवटी

वासुदेव नको. तो वेष घालून दारोदारी दान मागणारी माणसं आजही आहेत, तो त्यांचा मान आणि पोटापाण्याचा प्रश्न आहे. कढई विकायला ती मोरपिसांची टोपी घालणं मला बरोबर वाटत नाही. तिकडे चिंदोनया नाटकातली माणसं होतात: किमोनो, जुन्या धाटणीचे केसांचे टोप. आपणही नाटकातूनच घ्या. चौकटवाल्याला बाराबंदी, शेला आणि पगडी. बोलणारी बाई असेल तर नऊवारी, चालायला उत्तम. ढोलवाल्याला फेटा. क्लॅरनेटवाल्याला बँडचा लाल कोट आहेच, तो काढू नका, शोभतो.

पांढरा चेहरा करायचा असेल तर जाड थर देऊ नका. ऑक्टोबर हीटमध्ये अर्ध्या तासात कपाळावरून ओघळतो आणि डोळ्यांत जातो. ओल्या स्पंजने पातळ पॅनकेक, वर पावडर दाबून बसवायची, भुवया आणि ओठ ठळक. चेहरा दहा पावलांवरून ओळखू आला म्हणजे झालं. मिशी स्पिरिट गमने लावता येते, पण वरच्या ओठाला घाम आला की एक बाजू सुटते. क्लॅरनेटवाल्याला मिशी लावूच नका, माउथपीसमध्ये केस जातात. पगडी आतून सुती पट्टी शिवून घ्या आणि हनुवटीखाली बारीक बंद ठेवा, कारण चौकटवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, त्याला पगडी सावरता येत नाही.

फलक पाठीवर घ्या. पुढे चौकट असतेच, आणि पथक पुढे गेल्यावर लोक पाठच बघत राहतात. मांजरपाटावर पिवळी पार्श्वभूमी, गडद अक्षरं, शब्द तीन किंवा चार, अक्षराची उंची १० सेंमी. बारा-पंधरा मीटरवरून सहज वाचता येतं. मात्रा आणि वेलांटीसाठी वर जागा सोडायला रंगाऱ्याला सांगा, नाहीतर तो अक्षरं मोठी करतो आणि मात्रा शिवणीत जातात. चौकटीवर कागदी छत्री लावायची हौस असेल तर दांडी फक्त हाताने काढता येईल अशी खोचा. गोदाघाटाच्या बाजूला संध्याकाळी वारा सुटतो आणि छत्री चौकटीसकट माणसाला फिरवते.

कासं_आणि_कातडं

छत्रीची दांडी चौकटीच्या मधल्या आडव्या पट्टीला नको, उजव्या उभ्या पट्टीला पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा पट्टीने आवळून त्यात खोचा. मध्ये लावली तर काठी वर उचलताना दर वेळी दांडीला लागते. आणि भांडीबाजार, सुताराने चौकट दिली की थाळी टांगायच्या आधी एकदा चौकटवाल्याला नुसती बांधून गोदाघाटाच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावा. ठोकळ्यांची जाडी तिथेच कळेल.